दगडाचा दोष

लघवीला बसायचं म्हटलं की बिस्त्राच्या डोळ्यांत आधीच पाणी यायचं. सुरुवातीला नुसता ताप आला, जांघेत गाठी आल्या, अंग मोडून आलं. तेव्हा तिला वाटलं पडसं असेल, जानेवारीत टोप्लिक गावात कुणाला नसतं? मग खाली, ज्या जागेचं नाव ती मनातसुद्धा घेत नसे, तिथे बारीक बारीक फोड उठले. फुटले की मिरची चोळल्यासारखी आग. शिवणकारखान्यात खुर्चीवर एका कुल्ल्यावर बसून तिने कसंबसं काम ओढलं, आणि शेवटी लाज गुंडाळून नवऱ्याला दाखवलं.

मिंचोने बघितलं. बघितलं म्हणजे नजर टाकली आणि तशीच काढून घेतली, ओळखीचा नकोसा माणूस रस्त्यात दिसला की आपण काढून घेतो तशी.

"खाजवू नकोस," तो म्हणाला. "सैल काहीतरी घाल. आणि आधी त्या हमामात अंघोळीला जाणं बंद कर. उघड्या ढुंगणाने दगडावर बसता तुम्ही बायका, दुसरं काय होणार?"

मिंचो वर्षभर जर्मनीत इमारतींना परांच्या बांधायचा आणि थंडीत बांधकामं बंद पडली की घरी यायचा. आला की खायचा, झोपायचा आणि सगळ्या गोष्टींवर मत द्यायचा. पण या वेळी तो मत देऊन तडक बाहेर पडला आणि येताना आईला घेऊनच आला.

त्याची आई रुस्का ही टोप्लिकची सुईण. गावातलं प्रसूतिगृह सरकारने बंद केलं त्याला जमाना झाला, पण सुईणपण काही बंद झालं नव्हतं. अर्ध्या गावाने या जगात पहिलं तोंड पाहिलं ते रुस्काचं, आणि पाहून भोकाड पसरलं. बायकांच्या कमरेखालच्या गोष्टींत तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. पाद्री चुकेल, डॉक्टर चुकेल, रुस्काआजी चुकणार नाही, असं बायका म्हणायच्या, आणि रुस्का ते ऐकून नाही म्हणायची नाही.

तिने चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि "हं," एवढंच म्हणाली. मग कॅमोमाइलची फुलं उकळून, निववून, स्वच्छ फडक्याने शेकायला घेतलं. हात हलका होता, ते मान्य करायला हवं.

"दगडाचं आहे," शेकता शेकता ती म्हणाली. "हमामात तुझ्या शेजारी कोण बसली होती?"

बिस्त्राला आठवायला वेळ लागला नाही. गेल्या खेपेला सगळ्या निघून गेल्यावर हमामाची राखणदारीण दोचका तिच्या शेजारी येऊन बसली होती. बिस्त्राचे खांदे शिवणाने आखडलेत हे बघून न मागता तिची पाठ घासून दिली होती.

"दोचका," ती म्हणाली.

"वाटलंच मला," रुस्का म्हणाली. नाव तिने असं उचललं की जणू ते जमिनीवर पडलेलंच होतं. मग सुनेच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "घाबरू नकोस, पोरी. फुटतील, खपली धरतील, जातील. पुढच्या वेळी इतकं दुखत नाही."

बिस्त्राला त्या वेळी सासू देवासारखी वाटली. माणूस दुखत असला की त्याला कोणीही देवासारखं वाटतं.

*

दोचकाबद्दल सांगायचं तर तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि दाराला पडदा नव्हता. हमाम तुर्कांच्या काळचा, पाणी जमिनीतून कढत येणारं, गंधकाच्या वासाचं. एक दिवस बायांचा, एक दिवस पुरुषांचा. किल्ली दोचकाच्या आईच्या कमरेला होती, ती मेल्यावर दोचकाच्या कमरेला आली, आणि हमामामागची एक खोली किल्लीबरोबर आली. त्या खोलीपलीकडे तिचं या जगात काही नव्हतं. नवरा सोडून गेलेला. पेट्रोलपंपावरचा एक माणूस अधूनमधून यायचा, राजरोस यायचा. गावाला त्याच्या येण्याचा राग नव्हता, राजरोसपणाचा होता.

बायांच्या दिवशी रुस्का अंगावर कोट ठेवूनच आत शिरली. तिच्या मागे नगराध्यक्षाची बायको नेदा, बेकरीवाली त्सोन्का आणि आणखी सात-आठजणी. बिस्त्रा सगळ्यांत मागे दाराशी उभी राहिली. बसणं तिला शक्यच नव्हतं.

"तुझा बादली-वाडगा उचल आणि बाहेर हो," रुस्का म्हणाली.

दोचका खडावा ओळीने लावत होती. तिने मान वर केली नाही. "कोट काढा आजी, घाम येईल. घाम आला की माणूस वाट्टेल ते बडबडतं."

"या दगडावर तू बसतेस आणि लेकीसुनांना रोग होतात."

"कसला रोग?"

"तुला माहीत आहे कसला. तो पंपावरचा आणून देतो तो."

"तो मला सॉसेज आणून देतो," दोचका म्हणाली. "आणि दारातून येतो. तुमच्या नवऱ्यांसारखा बायांच्या दिवशी खिडकीच्या फटीला डोळा लावून उभा राहत नाही. नेदाबाई, तुमच्या साहेबांना सांगा, त्या फटीत मी कालच चिंधी कोंबली."

नेदाचं तोंड लालबुंद झालं. मग काय विचारता? एकीने खडाव उचलून फेकली, दुसरीने दोचकाची बादली लाथाडली, तिसरीने तिचा टॉवेल चिमटीत धरून बाहेर बर्फात नेऊन टाकला. दोचका शिव्या देत होती, आणि त्या शिव्या इतक्या नेमक्या होत्या की ज्या बाईला शिवी बसायची तिच्या शेजारणीला हसू दाबावं लागायचं. पण सगळ्या मिळून एकीला बाहेर ढकलतात तेव्हा शिव्या किती पुरतात? उंबऱ्याशी तिने बिस्त्राचा दंड धरला.

"तू सांग. तुझी पाठ मी घासली. माझे हात घाण होते?"

बिस्त्राने खाली बघितलं. दोचकाच्या पायात खडावा नव्हत्या, पायाची बोटं गारठून निळी पडली होती.

"सांग की गं!"

बिस्त्राची नजर त्या बोटांवरच राहिली. दोचकाने तिचा दंड सोडला, झटकला, आणि जमिनीवर थुंकली.

मग बायांनी तो दगड घासला. आधी चुन्याने, मग व्हिनेगरने, मग ब्लीचने. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाकं चुरचुरली, एकीला तर उलटी झाली, पण दगड असा पांढरा झाला की तुर्कांनीसुद्धा तो तसा पाहिला नसेल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्याशाच्या जोडीला दगडालाही फासावर दिलं. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेतून दोचकाला निरोप गेला: येत्या सुईणीच्या सणाच्या दिवशी किल्ली द्यायची आणि खोली रिकामी करायची.

*

फोड जाईनात, उलट लघवी पार अडली, तेव्हा बिस्त्राने कारखान्यात दाढदुखी सांगितली आणि बस धरून जिल्ह्याच्या गावी गेली. डॉक्टरीण तरुण होती, केस मुलग्यासारखे कापलेले, आणि आवाजात मायेचा थेंब नाही. तिने तपासलं, एका फोडातून काडीने पाणी घेतलं, नळी घालून लघवी मोकळी केली, मग हात धुऊन समोर बसली.

"कुठून आलं असं वाटतं तुम्हाला?"

"हमामातल्या दगडावरून."

डॉक्टरणीने वर बघितलं. "कुणी सांगितलं?"

"आमच्या सुईणीने."

"शिकलेली आहे की अशीच?"

"सरकारी होती."

"मग ती खोटं बोलते," डॉक्टरीण म्हणाली. "न शिकलेली असती तर मी म्हटलं असतं, चुकली."

बिस्त्राला राग आला. आपल्या माणसाबद्दल परका खरं बोलला की येतो तसा. "असं कसं बोलता तुम्ही?"

"ऐका. याला म्हणतात हर्पिस. खालच्या अंगाचा हर्पिस. हा दगडावरून येत नाही, पाण्यातून येत नाही, दुसरीच्या टॉवेलवरून येत नाही. याला जिवंत कातडी लागते. कातडीला कातडी लागली की जातो, संबंधातून जातो. तोंड खाली लागलं तर तोंडातूनही जातो, कारण तापात ओठावर फोड येतात ना, ते याचंच भावंड. आता समजलं?"

"म्हणजे माझा नवरा बाहेर..."

"ते मला विचारू नका, मला माहीत नाही. त्याला लग्नाच्या आधीपासून असेल. पुष्कळांना असतो आणि अंगावर काही दिसत नाही, त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं. फोड नसतानासुद्धा देतात एकमेकांना. कुणाकडून आला आणि कधी आला हे फोड बघून मला सांगता येत नाही, आणि जो सांगतो तो थापा मारतो. दगडाकडून आलेला नाही, एवढं मी लिहून देते."

"बरा होतो का?"

"फोड बरे होतात. रोग अंगातून जात नाही, कण्याजवळच्या नसांत जाऊन झोपतो. तुम्ही थकलात, ताप आला, काही काही जणींना पाळी आली, की उठतो. या गोळ्या आजपासून घ्या. परत आग व्हायला लागली की वाट बघू नका, लगेच घ्या. फोड असताना नवऱ्याला जवळ येऊ देऊ नका. एरवी निरोध वापरा, त्याने धोका कमी होतो, संपत नाही. आणि दिवस राहिले तर डॉक्टरला आधी सांगा, बाळंतपणाच्या वेळी फोड असले तर बाळाला धोका असतो." ती जरा थांबली. आवाज मऊ नाही झाला, पण हळू झाला. "आणि तोंड असं पाडू नका. ओठावर फोड आला म्हणून कुणी जन्मभर तोंड झाकून फिरत नाही. हा पहिला झटका आहे म्हणून एवढा त्रास. पुढच्या वेळी इतकं दुखत नाही."

बिस्त्रा उठता उठता परत बसली.

"काय म्हणालात?"

"पुढच्या वेळी इतकं दुखत नाही. का?"

"काही नाही," बिस्त्रा म्हणाली.

बसमध्ये ती दांड्याला धरून उभी राहिली आणि तेच एक वाक्य चघळत राहिली. रोग जर दगडाचा, आणि दगडावर जर मी परत बसणार नाही, तर सासूबाईंची ती पुढची वेळ येणार होती कुठून? कॅमोमाइल शेकताना, डोक्यावरून हात फिरवताना बाईला सगळं ठाऊक होतं. नाव ठाऊक होतं, चाल ठाऊक होती, कुणाकडून आलं तेही. आणि तिने विचारलं काय, तर शेजारी कोण बसली होती! बिस्त्राला इतका राग आला की दांडा धरलेला हात दुखायला लागला. तो राग सासूवर होता, मिंचोवर होता, आणि निम्म्याहून जास्त स्वतःवर होता, कारण नाव तर तिनेच दिलं होतं.

*

मिंचो खानावळीत गेला होता. रुस्का स्वयंपाकघरात सणाच्या तयारीला लागलेली, लाल मिरच्यांची माळ ओवत बसली होती. ही माळ सणाला सुईणीच्या गळ्यात घालतात.

"दाढ काढली?" तिने विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं," बिस्त्रा म्हणाली.

रुस्काने सुई थांबवली नाही. "हळू बोल. खिडकी उघडी आहे."

"तुम्हाला माहीत होतं हे काय आहे ते."

"मला काय माहीत आहे आणि काय नाही, याच्यावर या गावातली निम्मी घरं उभी आहेत."

"आणि दोचकाचं घर?"

"दोचकाला घर आहे कुठे? खोली आहे. आहे त्याचं मोडतं, नाही त्याचं काय मोडणार?"

"बर्फात कुठे जाईल ती?"

"पंपावर जाईल. तिची काळजी तू करू नकोस, तू तुझी कर." आता रुस्काने माळ मांडीवर ठेवली आणि सुनेकडे नीट बघितलं. "उद्या तू तोंड उघडलंस की लोक काय मोजतील माहीत आहे? मिंचो वर्षभर परदेशात. बाई इथे एकटी, तरणी, कारखान्यात पुरुष मास्तर. नाव कुणाचं येईल? त्याचं की तुझं? झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. मी तुझी मूठ झाकली आहे, आणि तू माझ्यावरच डोळे वटारतेस."

सासू म्हणत होती ते खरं होतं. टोप्लिकमध्ये नाव तिचंच आलं असतं.

"मिंचोला यातलं एक अक्षर बोलायचं नाही," रुस्का म्हणाली आणि पुढची मिरची ओवली.

मिंचो आला तो राकिया दारूचा वास घेऊन. "काय, उतरला का दगड?" त्याने विचारलं आणि स्वतःच हसला. बिस्त्राने उशी उचलली आणि शिवणाच्या खोलीत जाऊन झोपली. तो मागे आला नाही. दर हिवाळ्यात तो कधीतरी असाच भिंतीकडे तोंड करून झोपायचा, परांचीवर कंबर धरली म्हणायचा, आणि ती रात्र रात्र त्याची कंबर शेकत बसायची. आता तिला ती कंबर कळली.

सणाच्या आदल्या दिवशी ती दोचकाकडे गेली. खोलीत दोन बोचकी बांधून तयार होती आणि दोचका पलंगाचे पाय सोडवत होती.

"मी डॉक्टरकडे गेले होते," बिस्त्रा म्हणाली. "तुझ्यामुळे नाही झालं. दगडामुळे पण नाही. माझ्या घरातलंच आहे. मला माफ कर."

दोचकाने हातोडी खाली ठेवली. "बरं. आणि हे कुणाकुणाला सांगितलंस?"

"तुला."

"मला!" दोचका हसली, आणि ते हसणं शिवीपेक्षा वाईट होतं. "मला गावासमोर हाकलतेस आणि माफी कानात मागतेस? वड्याचं तेल वांग्यावर काढलंत, आता वांग्याला येऊन सांगतेस की तेल वड्याचं होतं. वांग्याला ते पहिल्यापासून माहीत आहे, बाई. निघ."

बिस्त्राला रडू फुटलं.

"माझ्या खोलीत रडायचं नाही. आजच्या दिवस माझी आहे अजून. बाहेर बर्फात रड, तिथे जागा पुष्कळ."

*

सुईणीच्या सणाला टोप्लिकच्या रस्त्यावर पुरुषाने फिरायचं नाही. फिरला तर बायका त्याची टोपी काढून घेतात आणि वाइनचा घडा दिल्याशिवाय परत देत नाहीत. म्हणून पुरुष सकाळपासून हमामासमोरच्या खानावळीत स्वतःला कोंडून घेतात आणि काचेतून बघतात. बायकांनी नवऱ्यांच्या विजारी चढवलेल्या असतात, काजळीच्या मिशा काढलेल्या असतात, आणि एरवी चर्चमध्ये मान खाली घालणाऱ्या बाया त्या दिवशी अशी गाणी म्हणतात की मिशा असलेल्यांनी लाजावं.

रुस्काला घसरगाडीवर बसवून, गळ्यात मिरच्यांची माळ घालून, वाजतगाजत हमामात आणलं. तिने कोट काढला, बूट काढले, आणि परकर गुडघ्यांवर घेऊन सरळ त्याच दगडावर बैठक मारली. ज्या दगडाने सुनेला पोळलं म्हणायचं, त्यावर सासू अशी निवांत बसली की घरची गादीच. नेदाने खाली टॉवेल घालायला घेतला तर म्हणाली, "राहू दे गं, दगड छान गरम आहे."

बिस्त्राने ते ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं, पण बाकीच्या गात होत्या.

विजारी उतरवून, परकर छातीशी बांधून, पायात खडावा घालून सगळ्या भोवती जमल्या. पहिला मान सुनेचा. सुनेने सुईणीच्या हातावर पाणी घालायचं, साबण द्यायचा, नवा टॉवेल खांद्यावर टाकायचा आणि म्हणायचं, थेंबागणिक आरोग्य, थेंबागणिक आयुष्य. बिस्त्राने तांब्याचा घडा उचलला. रुस्काने हात पुढे केले. घडा तिरका झाला आणि तसाच थांबला.

"घाल की पाणी," रुस्का म्हणाली.

"एक विचारते आणि घालते."

"घरी विचार."

"घरी विचारून झालं." बिस्त्राचा आवाज घुमटात गेला आणि मोठा होऊन परत आला. तिला स्वतःलाच त्याची भीती वाटली, पण आता थांबणं जास्त भीतीचं होतं. "मला शेकताना तुम्ही म्हणालात, पुढच्या वेळी इतकं दुखत नाही. रोग दगडाचा होता ना? मग दोचकाला हाकललं, दगड घासला, मी त्यावर परत बसणार नाही. पुढची वेळ कुठून येणार होती, आई?"

गाणं तुटलं. कुणीतरी मागे एकटीच एक ओळ पुढे गायली आणि गप्प झाली.

"डॉक्टरकडे गेले होते मी," बिस्त्रा म्हणाली. "दाढेसाठी नाही. हा दगडावरून येत नाही, पाण्यातून येत नाही. नवऱ्याकडून बायकोला येतो, बायकोकडून नवऱ्याला. माझ्याकडून आला असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं. पण दोचकाकडून नाही आला. तिचं नाव मी घेतलं, खोटं घेतलं."

रुस्का ताठ बसली होती. "तापात आहे पोरगी," ती म्हणाली. "घेऊन जा हिला कुणीतरी."

कुणी हललं नाही. मग बेकरीवाल्या त्सोन्काने काजळीची मिशी मनगटाने पुसली.

"मला पण तेच म्हणाली होतीस, आजी."

"काय?"

"पुढच्या वेळी इतकं दुखत नाही. माझा नवरा न्याको लिबियातून रस्ते बांधून आला होता तेव्हा. मला म्हणालीस, तंबाखूच्या शेतात ओल्या गवतावर बसलीस म्हणून झालं. मी त्यानंतर कधी गवतावर बसले नाही. आणि तरी परत परत होतं."

"मला नव्या चड्डीचा रंग म्हणाली होती," नेदा म्हणाली. नगराध्यक्षाची बायको चड्डी हा शब्द बोलली आणि कुणी हसलं नाही.

"मला नदीतलं पाणी."

"मला पण दगडच," कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली. "चाळीस वर्षं होत आली."

अळीमिळी गुपचिळी, पिढ्यांमागून पिढ्या. सगळ्या एकाच पाण्यात नागव्या बसायच्या, एकमेकींच्या पाठी घासायच्या, आणि एकीने दुसरीला सांगितलं नाही. टोप्लिकमध्ये दगड बदफैली, गवत बदफैली, चड्डीचा रंगसुद्धा बदफैली. पुरुष तेवढे साधुसंत.

रुस्काचे हात अजून पुढेच होते, कोरडे. तिने ते मांडीवर घेतले.

"मग काय सांगायला हवं होतं मी?" ती म्हणाली. आता तिच्या आवाजात हुकूम नव्हता. "सांग ना, त्सोन्का. पोटात तुझा दुसरा होता. खरं सांगितलं असतं तर त्या रात्री कुणाच्या घरी झोपली असतीस? तू गं, नेदा? बापाने घेतलं असतं परत? मी तुमची घरं राखली. दगडाला बोल लावला, दगडाला काय लागतं?"

प्रत्येकीने मनातल्या मनात ती रात्र बघितली, आणि प्रत्येकीला आपलं घर दिसलं.

"दगडाला घर लागत नाही," दाराशी आवाज आला. "मला लागतं."

दोचका किल्ली द्यायला आली होती. अंगात कोट, डोक्याला रुमाल, बोचकी बाहेर बर्फावर. रुस्काने तिच्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली, आणि त्या क्षणी ती अगदी मिंचोसारखी दिसली.

"बरं झालं, सगळ्यांना कंठ फुटला," दोचका म्हणाली. "पण इथे आत सगळ्याच शूर. अंगावर कपडे नसले की बाई खरं बोलते. कपडे घातले की परत दगडच. मला काढायचा हुकूम बाहेरून आलाय, नेदाबाईंचे साहेब तिकडे खानावळीत बसलेत. इथल्या वाफेला सांगून माझी खोली परत मिळते का?"

बिस्त्राने घडा खाली ठेवला. ओल्या परकरावर कोट चढवला, पायातल्या खडावा तशाच, आणि बाहेर पडली. चौकातल्या दगडांवर खडावांचा खाड खाड आवाज झाला. मागे बघायचा तिला धीर नव्हता, पण आवाज वाढत गेला तेव्हा कळलं की मागून आणखी खडावा येतायत.

खानावळीच्या काचेला सगळी नाकं चिकटली होती. तिने काचेवर थाप मारली. दार उघडलं आणि मिंचो पुढे आला, तोंडभर हसत, हातात पेला. बायको सणाच्या मस्करीला आली, टोपी मागायला आली, असंच त्याला वाटलं. त्याने स्वतःहूनच टोपी काढून तिच्यापुढे धरली.

"घे बाई, घे. वाइन किती घडे?"

आतले सगळे हसले. बिस्त्राने टोपीला हात लावला नाही.

"मिंचो, तू रोग दिलास म्हणून मी भांडत नाही. तुलाही कुणीतरी दिला असेल. पण तुला माहीत होतं, आणि तू दगडाचं नाव सांगितलंस. दगडाने नाही दिलं हे मला. तू दिलंस."

तो नाही म्हणू शकला असता. ती वर्षभर एकटी होती, तो तिच्यावर उलटू शकला असता, आणि चौकातल्या निम्म्या लोकांनी त्याचं ऐकलंही असतं. बिस्त्रा त्याचीच वाट बघत उभी होती. पण मिंचोचं हसू ओठांवरच राहिलं. त्याने तिच्या खांद्यावरून मागे, हमामाच्या दाराकडे बघितलं.

"आईने सांगितलं का तुला?"

खानावळीत कुणीतरी पेला टेबलावर ठेवला. नगराध्यक्ष काचेपासून बाजूला झाला. नेदा त्याच्याकडे बघत होती, अर्धी मिशी पुसलेली, आणि तो दुसरीकडे बघत होता.

मिंचो उघड्या डोक्याने उभा राहिला. टोपी घ्यायला कुणी पुढे आलं नाही. बिस्त्रा वळली, बायका वळल्या. हमामाच्या पायरीवर दोचकाने एक बोचकं उचलून आत ढकललं, मग दुसरं. किल्ली परत कमरेला अडकवली, नगराध्यक्षाला दिसेल अशी, आणि बिस्त्राकडे न बघता ओरडली, "खडावा चौकात घालून गेलात ना? धुऊन घ्या आधी. तशाच आत आणलेल्या मला चालणार नाहीत."